मुंग्या आत होत्या

अर्जदार : त्र्यंबक गोपाळ, धंदा कचेरीबाहेर बसून अर्ज लिहिणे, वस्ती नौपाडा, ठाणे.

ज्यास अर्ज केला तो : जोमा पांडू, धंदा स्वतःच्या मिठागरावर मीठ पिकविणे, वस्ती कोपरी. हल्लीची वस्ती अर्जदारास ठाऊक नाही.

घडल्याचा दिवस व जागा : चैत्र वद्य तृतीया, भर दोन प्रहर, कोपरीस खाडीच्या अंगाला असलेल्या तुझ्या मिठागराचा बांध.

साक्षीदार : एक, तुझा पाठचा भाऊ धाकू, जो तुझ्या खुनाच्या आरोपावरून तुरुंगात आहे. दोन, तुझी बायको भागीरथी, जिची जबानी होऊन चुकली आहे. तीन, इस्पितळाचे डॉक्टर, ज्यांनी तुझी छाती उघडून पाहिली. चार, अर्जदार स्वतः, ज्याच्या गळ्यावर तुझ्या दोन्ही अंगठ्यांचे वळ अजून काळेनिळे आहेत आणि ज्याची जबानी उद्या व्हावयाची आहे.

मजकूर येणेप्रमाणे.

जोमा, वरचे सर्व माझ्या हाताने मला न विचारता लिहिले. इतकी वर्षे लोकांची दुःखे कागदावर मांडून आता माझी अशी स्थिती झाली आहे की वादी कोण, प्रतिवादी कोण हे ठरल्याशिवाय मला रडूही येत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, आणि खरोखरच एकदा म्हणाला होतास, "अरं तात्या, तू मेलास ना, तरी यमाच्या दारान पयला अरज टाकशील, मना आनला तो कंच्या कलमाखाली?" मी तेव्हा उत्तर दिले होते की यमाला तो अर्ज दाखल करून घ्यावाच लागेल, कारण तो माझ्या हातचा असेल. आपण दोघेही हसलो. तुझे हसणे मोठे होते. रस्त्यावरची माणसे थांबून पाहात.

तुझी माझी ओळखही अर्जातूनच झाली. खाडीच्या भरतीने तुझा बांध फुटला होता आणि कोणी दाद घेत नव्हते. तू माझ्या चटईवर येऊन बसलास आणि म्हणालास, "लिव, सायबाला अक्कल नाय." मी लिहिले, "ही बाब साहेबांच्या नजरेतून सुटली असावी." वाचून दाखविले तेव्हा तू विचारलेस, "हे मीच बोललो?" मी म्हणालो, तूच. "मंग मी लय शाना हाय," असे म्हणून तू अंगठा उठविलास. बांध दुरुस्त झाला. त्या दिवसापासून काही काम नसले तरी तू येऊन बसत असस. लोक मला आपली गाऱ्हाणी सांगत आणि तू मध्येच निकाल देत असस. एका म्हाताऱ्याला तू म्हणाला होतास की बाबा, चूक तुझीच हाय, अरज कशाला, घरी जा न सुनेची माफी माग. तो खरोखरच उठून गेला. माझे गिऱ्हाईक बुडाले, पण मी तुला बोललो नाही, कारण निकाल बरोबर होता.

दर हंगामात पहिले मीठ धरले की तू एक खडा मला आणून देत असस. त्याआधी तो स्वतःच्या जिभेवर ठेवून, डोळे मिटून, हा खाडीकडच्या वाफ्यातला की गावाकडच्या, हे तू सांगत असस. मला दोन्ही सारखेच खारट लागत. "तुजी जीभ निसती बोलायची," असे तू मला म्हणालास. 

तुझ्या त्या पारखी जिभेवरच प्रथम घाला आला.

गेल्या दिवाळीनंतर तुझी दाढ सुजली. गाल नारळासारखा झाला आणि तू भिंतीवर डोके आपटू लागलास. कल्याणास स्टेशनाजवळ मुंबईचा एक दात काढणारा उतरला आहे ही बातमी धाकूने आणली. आपण तिघे गेलो. त्या गृहस्थाने बाटलीतले पाणी कापसावर घेऊन तुझ्या हिरडीला चोळले, थोडा वेळ थांबला आणि चिमटा घालून दाढ ओढली. मूळ मोडल्याचा आवाज मी दारात उभा राहून ऐकला. तुझे तोंड रक्ताने भरले होते आणि तू चकित होऊन माझ्याकडे पाहात होतास.

"तात्या, मार मना. ह्या गालावं हान."

मी हळूच चापट मारली.

"माशी हाकलतंस का? जोरान हान!"

मी हात उचलून दिली. तुझी मान फिरली, ओठ फुटला, सदऱ्यावर रक्त उडाले आणि तू खदखदा हसलास. "गाल हाय," तू म्हणालास, "पन मीच नाय त्यात." धाकूही हसला. दात काढणाऱ्याने आपल्याला बाहेर काढले.

बाहेर पानाच्या दुकानदाराने तुझा गाल पाहून हाक मारली. "शेट, तीच चीज मी विड्यात घालून देतो. दात दुखत नसला तरी खावी अशी आहे." त्याने तिचे नाव कोकेन सांगितले. तू कोकम ऐकलेस आणि म्हणालास, "आंबट असंल." ती आंबट नव्हती. पहिल्याने कडू लागली, आणि थोड्या वेळाने कडूही लागेना, कारण लागावयाला जीभच उरली नव्हती.

पहिले काही आठवडे तू सुखात होतास हे मी नाकारीत नाही. खोटी फिर्याद मी लिहीत नाही. पोटात अन्नाचा कण नसता तू उजाडल्यापासून मीठ ओढीत असस, तीन गड्यांचे काम एकटा करीत असस आणि वर बोलत असस. इतके बोलत असस की मला, ज्याचा धंदाच बोललेले ऐकण्याचा आहे, दमायला होई. "भूक नाय, झोप नाय, दुखना नाय. तात्या, ही चीज राजानी खावी." मी म्हणालो, जोमा, दुखणे हा देहाचा अर्ज आहे, तो फाडून टाकला म्हणजे तक्रार मिटत नाही. हे वाक्य मला फार चांगले जमले होते. तू म्हणालास, "तू तपकीर वढतंस ना? ती टाक आधी, मंग माजा अरज वाच." हा वाद आपला तेथेच राहिला. मी तपकीर सोडली नाही आणि तू विडा सोडला नाहीस. आता एका बाजूने वाद चालविता येत नाही म्हणून तो मी निकालात काढलेला नाही, एवढेच नोंदवून ठेवतो.

पुढे विड्याचा अंमल उतरला की तू भिजलेल्या गोणपाटासारखा पडू लागलास आणि उठण्यासाठी दुसरा विडा, तो टिकेना म्हणून तिसरा. तुझ्या डोळ्यांतले काळे एवढे पसरले की बुबुळाला कड राहिली नाही. मिठागरावर चैत्राचे ऊन पडले म्हणजे आम्हा साध्या डोळ्यांच्या माणसांनाही पाहवत नाही. तुला तर ते पांढरे ऊन सुरीसारखे लागे. तू डोळ्यांवर फडके बांधून, अदमासाने, मीठ ओढीत असस. शिमग्याच्या सुमारास एक दिवस तू माझा हात धरून आपल्या छातीवर दाबलास. "बग, आतून कोन तरी दार ठोकतंय." खरोखर तसेच होते. बंद खोलीत कोंडलेला माणूस मुठी आपटतो तसे ते आपटत होते, मध्येच थांबत होते आणि थांबलेले भरून काढण्यासाठी दुप्पट आपटत होते. तुझ्या कपाळावर घाम होता आणि हात थंड होते. डाव्या दंडात कळ येते असेही तू सांगितलेस.

यानंतर ते शब्द आले, ज्यांवर आज धाकूचा जीव टांगला आहे.

तू म्हणालास, "आंगाला मुंग्या आल्यान."

मराठी बोलणाऱ्या कोणत्याही माणसाने याचा जो अर्थ केला असता तोच सर्वांनी केला. मांडी घालून फार वेळ बसले की पायाला मुंग्या येतात. पाय बधिर होतो, चिमटा कळत नाही. दिवा गावच्या वैद्यांनी हाच अर्थ केला, वाताचा विकार ठरविला आणि तेल चोळावयास दिले. भागीवहिनींनी तेल चोळले. तू किंचाळून त्यांना लाथेने उडविलेस. "चोल्ल्यावं त्या खवलतान!"

मग तू माझ्याकडे आलास आणि चटईवर न बसता उभा राहून सांगितलेस की या मुंग्या खऱ्या आहेत, त्यांना पाय आहेत, त्या चावतात. मी तुला समजावले की असे असेल तर शब्द चुकला. मुंग्या आल्या असे न म्हणता मुंग्या चढल्या असे म्हणावे, म्हणजे ऐकणाऱ्याचा घोटाळा होणार नाही. तेव्हा तू माझ्या दौतीला लाथ मारलीस आणि आख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडलास, "येऱ्या, मुंग्या आत हायत न मी भायेर हाय! चढतील कशा?"

जोमा, शब्दांच्या बाबतीत तू मला हरविलेस असा तो एकच प्रसंग.

त्यानंतर तू जे केलेस ते मला उद्या भर कोर्टात सांगावे लागणार आहे, म्हणून आधी तुला सांगतो. नारळाची खवणी घेऊन तू आपला डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत खवलास. कातडी सोलून निघाली तरी तू थांबला नाहीस, आणि उघड्या मांसात स्वतःच्या हाताने पिकविलेले मीठ भरलेस, कारण मिठाने मुंग्या मरतात. भागीवहिनी सांगत होत्या की तू ते करताना ओरडत नव्हतास, मोजत होतास. मेलेल्या मुंग्या मोजत होतास. मग तुला वाटले की मुंग्या आल्या त्या घरात गूळ आहे म्हणून. तू गुळाचे मडके अंगणात आपटून फोडलेस. वहिनींनी आणखी कोठे लपविला आहे असे समजून त्यांचा हात धरून पिरगळलास. तो मोडला. डोंबिवलीहून त्यांचा बाप त्यांना न्यावयास आला, तर त्या गेल्या नाहीत. "त्येंना आता सोरून गेले तं त्ये सोताला सोलून काढतील," असे त्या म्हणाल्या. मोडक्या हातानिशी त्या तुझ्या जवळचे सर्व धारदार जिन्नस विहिरीत टाकीत होत्या.

आता तृतीयेचे.

तू कोयता शोधून काढलास, मिठागरावर गेलास आणि खाडीचे पाणी अडविणाऱ्या उघाडीच्या फळ्या तोडल्यास. भरतीचे पाणी पिकलेल्या मिठात शिरले. हंगामाचे सारे पीक तुझ्या डोळ्यांदेखत विरघळले आणि तू त्या पाण्यात लोळत होतास, मुंग्या बुडाव्यात म्हणून. वहिनींनी मला बोलावणे पाठविले. मी पोहोचलो तेव्हा धाकूने कोयता तुझ्या हातून हिसकावून खाडीत भिरकावला होता आणि त्या खटपटीत त्याच्या कानाचा एक तुकडा तू दातांनी तोडला होतास. रक्त त्याच्या मानेवरून वाहत होते. तो रडत होता आणि एकच म्हणत होता, "दादा, मी धाकू हाय. दादा, मी धाकू."

मी बांधावर उभा राहून म्हणालो, "जोमा, बस कर."

तू पाण्यातून बाहेर आलास. तुझ्या अंगाची वाफ निघत होती हे मी अतिशयोक्तीने लिहीत नाही. ज्याला ताप भरला आहे अशा बैलाजवळ उभे राहावे तशी धग तुझ्याजवळ होती. जबडा करकर वाजत होता. डोळे दोन काळी भोके झाली होती. तू माझा गळा धरलास आणि मला बांधावर उताणा पाडलास. माझ्या डोक्याखाली दगड होता. मी तुझ्या मनगटाला ओरबाडले, खवलेल्या हाताच्या मांसात माझी नखे गेली, तू दाद दिली नाहीस. सूर्य काळा दिसू लागला.

आणि त्या वेळी मला तुझे हृदय लागले. तुझे अंगठे माझ्या नरड्यावर होते आणि त्या अंगठ्यांतून ते वाजत होते. माझे स्वतःचे ठोके मला निराळे कळत होते. तुझे त्यांच्यावर पडत होते, गारांसारखे, एकात दुसरा, मोजता न येण्याजोगे. मग ते अडखळले. मग नुसती थरथर राहिली, हाताच्या ओंजळीत मासा धरावा तशी. मग तीही नाही. तुझे ओठ हलले. तू म्हणालास, "तात्या."

तुझे हात सुटले. त्याच्या मागोमाग मीठ ओढण्याची लाकडी फळी धाकूने तुझ्या खांद्यावर घातली आणि तू माझ्या अंगावर पडलास. तुझे सर्व ओझे माझ्यावर होते. मी तुला कुशीवर वळविले, छातीला कान लावला. आत कोणी दार ठोकीत नव्हते.

डॉक्टरांनी मला बोलावून समजावून सांगितले. ते वयाने तरुण आहेत, बोलणे तुटक आहे, पण त्यांनी मला उभे ठेवले नाही, खुर्ची दिली. ते म्हणाले की हा पदार्थ ज्ञानतंतूंना धरतो. जेथे बाहेरून लागतो तेथे बातमी नेणारी तारच तोडतो; म्हणून हिरडीतून दाढ उपटली तरी डोक्याला खबर गेली नाही. परंतु रक्तात मिसळून नित्य डोक्यात जाऊ लागला म्हणजे उलट होते. ज्या तारेवरून कोणी काही पाठविलेच नाही तिच्यावरून खबरा येऊ लागतात. कातडीखाली काही नसताना कातडी ओरडते. विलायतेत ज्यांना ही चटक लागली तेही अंगातून किडे काढतात, असे त्यांनी सांगितले. म्हणजे तू लबाड नव्हतास आणि तुला बाधाही झाली नव्हती. मुंग्या आत होत्या. तू म्हणालास तसेच.

हृदयाविषयी मी विचारले. ते म्हणाले, "त्याला चाबूक बसतो आणि त्याच वेळी त्याची दाणावैरण बंद होते." हृदयाला स्वतःचे रक्त पुरविणाऱ्या नळ्या या विषाने आवळतात. काम चौपट आणि रक्त अर्धे. तुझे हृदय फुगून जाड झाले होते. असे हृदय शेवटी ठोके देत नाही, केवळ थरथरते; मग रक्त पुढे जात नाही आणि माणूस उभ्याउभ्या जातो. फळीचा मार खांद्यावर होता आणि त्या जागी रक्त साकळलेच नव्हते. "जिवंत माणसाला एवढा मार बसला असता तर काळा डाग पडला असता," ते म्हणाले. "फळी बसली तेव्हा रक्त धावावयाचे थांबले होते."

मला वाटले, एवढ्याने धाकू सुटला. पण भागीवहिनींनी आपल्या जबानीत तुझ्याच शब्दांत सांगितले, "त्येंच्या आंगाला मुंग्या आलत्या," आणि लिहिणाऱ्याने स्वच्छ भाषेत लिहिले की मयताचे अंग बधिर झाले होते. दुभाष्याने साहेबांना तेच इंग्रजीत सांगितले. वाचून दाखविले तेव्हा वहिनींनी मान हलविली, कारण कागदावरचे शब्द आपल्या शब्दांपेक्षा शहाणे असतात असे त्यांना वाटले. आता त्या माझ्या दारात येऊन बसतात. "तात्या, बधिर मी बोल्लेच नाय हो! बधिर मानूस माजा हात कसा मोरील?"

सरकारी वकिलांनी त्या बधिर शब्दावर सारी इमारत उभी केली आहे. बायकोच्याच म्हणण्याप्रमाणे मयताचे हातपाय बधिर; असा दुबळा माणूस कोणाचा जीव घेऊ शकत नाही; मित्राचा गळा धरला असेल तर वेडाच्या लहरीत, आणि सोडला तोही ओळख पटून, आपण होऊन. नंतर, पीक बुडाल्याच्या रागाने, भावाने त्याला हाणले. रक्त साकळले नाही ते दुबळेपणाने.

धाकूचे वकील काल मला म्हणाले, "तुम्हाला एवढेच विचारतील, हात आधी सुटले की फळी आधी बसली? फळी आधी बसली म्हणा, म्हणजे तुमचा जीव वाचविण्यासाठी मारली असे ठरते, की तो मोकळा."

मी म्हणालो, "हात आधी सुटले."

"मग विचारतील, तो काही बोलला का?"

मी उठून आलो.

जोमा, आता मी तुझ्यावर किती संतापलो आहे हे तू ऐकावेस. तुझ्या भावाचा कान तू तोडलास आणि तुझ्या प्रेताचे ओझे उचलून रडत रडत तुला घरी नेणारा तोच होता. तुझ्या बायकोचा हात तू मोडलास आणि तुझ्या पिंडाला भात तिने दुसऱ्या हाताने शिजविला. मला तू मारले असतेस. गिळताना अजून दुखते. रात्री नव्हे, दिवसाढवळ्या, अर्ज लिहीत असताना, मला तुझे अंगठे लागतात आणि बोरू हातून पडतो. पहिल्या दिवशी मला वाटले की तू मेलास ते बरे झाले. हे मी कोणाला बोललो नाही, तुला बोलतो.

आणि त्याच गळ्यात ती हाक अडकली आहे. तू इतक्या माणसांना ओळखीनासा झाला होतास. धाकूला ओळखले नाहीस, तो नाव सांगत होता तरी. मला ओळखलेस. शेवटचा शब्द बायकोचा नाही, देवाचा नाही, माझा. मी मोठा माणूस नाही. कचेरीच्या आतली खुर्ची मला कधी मिळाली नाही, इयत्ताही पुऱ्या झाल्या नाहीत. माझ्या नावाला इतकी किंमत कोणी दिली नव्हती. ही हाक मी उभा जन्म जपून ठेवली असती. सरकारी वकील तीच माझ्याकडून काढून घेणार आहेत आणि तिचा दोर करून धाकूच्या गळ्यात घालणार आहेत. ओळख पटली, म्हणून सोडले, म्हणून जिवंत आणि शुद्धीवर होता, म्हणून त्यानंतर बसलेली फळी हा खून.

लपवावी तर शपथ मोडते. मी आजवर हजारो माणसांच्या अर्जाखाली "वरील मजकूर खरा आहे" असे लिहिले. एकाही ठिकाणी मी खोटे जाणूनबुजून घातलेले नाही. शब्द गुळगुळीत केले असतील, खोटे केले नाहीत.

म्हणून मी आज दिवसभर ती हाक तपासली. तू माझे नाव दोन प्रकारे घेत असस. अर्ज जिंकल्यावर, किंवा कोणाची चेष्टा करताना, "तात्या" असे शेवटी लांबवून, वर चढवून. आणि एकदा, बांधावरून घसरून चिखलात कमरेपर्यंत रुतला होतास तेव्हा, आखूड, खाली पडणारे "तात्या". तेव्हा मी धोतराचा सोगा टाकून तुला ओढून काढले होते आणि आपण दोघे चिखलाने माखून घरी गेलो होतो. तृतीयेची हाक या दोहोंपैकी कोणती, हे माझ्या कानांना ठाऊक आहे. अंगठ्यांतले ठोके थांबल्यानंतर ती आली. आधी नाही. ज्याचे हृदय थांबले आहे असा माणूस कोणाला माफ करून सोडीत नसतो. तो बुडत असतो.

हे माझे म्हणणे. तुझे म्हणणे निराळे असू शकेल. तू मला ओळखून, जाणून, आपल्या मर्जीने सोडले असशील, तर ती तुझी शेवटची भलाई आहे आणि ती मी तुझ्यापासून हिरावून घेत आहे. तुझ्या भावासाठी घेत आहे, पण घेत आहे. याबद्दल तुला न विचारता बोलणे न्यायाचे होणार नाही.

सबब अर्ज करण्यास कारण की, अर्जदाराने उद्या शपथेवर पुढीलप्रमाणे सांगण्याचे योजिले आहे : मुंग्या आल्या म्हणजे येथे बधिर नव्हे, मयताने केले ते सर्व, खवणीसह, गुळासह, वहिनींच्या हातासह, हात आधी सुटले, सुटण्यापूर्वी मयताच्या अंगठ्यांतील ठोके बंद झालेले अर्जदारास आपल्या गळ्यावर कळले, आणि मयताने अर्जदारास मदतीसाठी हाक मारली. यातील अखेरच्या बाबीस तुझी हरकत असल्यास ती पुकारा होण्यापूर्वी कळवावी. कोणत्याही रीतीने कळविली तरी अर्जदार ती ओळखील.

हरकत न आल्यास संमती आहे असे समजून बोलण्यात येईल, आणि धाकूला सोडतील तर त्यास अर्जदार स्वतः कोपरीस घेऊन येईल. त्याने फळी उचलली ती माझा जीव वाचविण्यासाठी, आणि तुझ्यावर हात टाकला म्हणून तो तुरुंगात जेवत नाही. त्याला एवढे तरी कळव की फळी बसली तेव्हा तू तेथे नव्हतास.

उत्तराची वाट पाहात आहे.

सही, त्र्यंबक गोपाळ.
वरील मजकूर खरा आहे.